एका टाळीला एक सवलत

गुडगाव, हरियाणा
(हो, हरियाणा. दिल्ली नव्हे. का, ते पुढे येईलच.)

ती. सौ. अक्कांच्या चरणी,

तुमच्या धाकट्या जावेचा, चंद्रप्रभेचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. डोक्यावर पदर घेऊनच लिहायला बसले होते, पण इथे नवव्या मजल्यावर वारं असं आहे की पदर टिकत नाही, तेव्हा तो आहे असं समजावं. भाऊजींनाही नमस्कार सांगा. ते विरोधी पक्षात असले तरी नमस्काराला पक्ष नसतो. कुसूरवाडीत थंडी सरली असेल. इथली अजून हाडात आहे. शेळीला करडं झाली का, तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं का, आणि नव्या सुनेला अजून चुलीचा धूर लागतो का, हे सगळं सविस्तर कळवा.

तुमचं पत्र पोचलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून हृदयाची झडप नीट मिटत नाही असं सांगितलं आणि दिल्लीच्या मोठ्या इस्पितळाचं नाव काढलं, हे वाचून मी आधी देवीपुढे दिवा लावला. तुम्ही मात्र आजारावर चार ओळी लिहिल्यात आणि 'शिमगा झाल्यावर येऊ म्हणतो, तुमच्याकडे उतरायला जागा होईल ना, अडचण नाही ना' ह्यावर दोन पानं. मला रागच आला. अडचण? खासदाराच्या घरी? सासूबाई गेल्या तेव्हा हे सहा वर्षांचे होते. ज्या बाईने ह्यांना आपल्या ताटातला घास भरवून वाढवलं, तिने जागा विचारायची? जागा आहे, अक्का. उत्तम आहे. फक्त ती नेमकी कुठे आहे हे सांगायला मला जरा मागून यावं लागेल. तेव्हा चष्मा लावून, पाठीला उशी घेऊन बसा आणि दम लागला तर मध्ये थांबा.

हे निवडून आले तेव्हा आम्हाला संसदेच्या जवळ सरकारी फ्लॅट मिळाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गावात लोकांना वाटतं खासदार म्हणजे पगार. पगार हा त्यातला सगळ्यात बारका भाग. अधिवेशनाला बसलं की भत्ता, मतदारसंघात फिरलं की भत्ता, कचेरी चालवायला वेगळा भत्ता. फोन, वीज, पाणी ठरावीक हद्दीपर्यंत फुकट. सोफा सरकारचा, पलंग सरकारचा, पडदे सरकारचे. (देवीच्या तसबिरीसाठी मी स्वतः एक खिळा ठोकला, तर तोसुद्धा सरकारजमा झाला. निघताना काढू दिला नाही.) हे सगळं घ्यायला लाज वाटत नाही का, असं मला इथल्या एका शहाण्या बाईने विचारलं होतं. मी म्हटलं, नाही वाटत. कारण ते आम्ही घेत होतो कुठे? आमचा तालुका घेत होता. मोठ्या इस्पितळाला बस दारातून जायची. त्यामुळे कुणाचा मणका, कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा डोळा, जो दिल्लीला निघे तो वळकटी घेऊन थेट आमच्या हॉलमध्ये. बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका, आणि मध्ये पडद्याला पडदा. कचेरीच्या भत्त्यातून मी भाकरी थापायला दोन बायका ठेवल्या होत्या, कारण आमच्या कचेरीला टायपिस्टपेक्षा भाकरीची गरज जास्त होती. आपल्या तालुक्याचा एकही माणूस इस्पितळाच्या बाहेर फुटपाथवर निजला नाही, ही गोष्ट मी कुणालाही ताठ मानेने सांगेन. ह्यांच्या भाषणांबद्दल मी तसं काही म्हणणार नाही.

आता मूळ गोष्ट. त्या सवलतींत एक अशी होती की दर तीन महिन्यांनी सोफ्याच्या खोळी आणि पडदे सरकारी खर्चाने धुवून मिळायचे. मला पहिल्या वेळी कळलं की उद्या सरकारचा माणूस खोळी न्यायला येणार आहे, आणि मी एकदम उठले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? तेच मी केलं. परक्या माणसाच्या हातात तेलाचे डाग पडलेल्या खोळी द्यायच्या? त्यावर आपल्या तालुक्यातल्या दहा जणांची डोकी टेकलेली! मी आणि त्या दोन भाकरीवाल्या बायकांनी मिळून खोळी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं सोड्यात भिजवलं, आपटलं, नीळ दिली आणि बाल्कनीत वाळवून पुन्हा चढवलं. दुसऱ्या दिवशी राजवीर आला. (हा खात्याचा माणूस, रोहतककडचा, मिशा आपल्या भाऊजींसारख्या.) त्याने खोळ उचलली, उलटी केली, हुंगली आणि म्हणाला, "मॅडमजी, ये तो धुली धुलाई है." मी म्हटलं, "हमारे में मैला कपडा बाहर नहीं देते." तो बिचारा गोंधळला. जन्मात त्याने असं घर पाहिलं नव्हतं. शेवटी, 'गरज नाही असं लिहून देऊ का' असं त्याने विचारलं आणि मी मोठ्या थाटात म्हटलं, लिहून दे. अक्का, तिथेच घात झाला.

कारण त्या वेळी शशिकांत हॉलमध्ये पिठलं-भाकरी खात बसला होता. शशिकांत म्हणजे आपल्याकडच्या एका पेपरचा दिल्लीतला वार्ताहर. बातमी नसली की तो आमच्याकडे जेवायला येतो, म्हणजे जवळजवळ रोज येतो. त्या दिवशी त्याला जेवणाबरोबर बातमीही मिळाली. तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट: सरकारी धुलाई नाकारणारा खासदार! खाली ह्यांचा फोटो आणि असं वाक्य की 'जनतेच्या पैशाने माझ्या सोफ्याला आंघोळ नको.' हे वाक्य ह्यांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. सोफ्याला खोळ असते हेच मुळात ह्यांना ठाऊक नव्हतं. पेपर वाचून हे आधी माझ्यावर ओरडले, मग आरशासमोर उभं राहून तेच वाक्य तीनदा म्हणून पाहिलं, आणि चौथ्या वेळेपासून ते ह्यांचंच झालं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या एका चौकटीने ह्यांना जे नाव मिळालं ते आजवरच्या भाषणांनी मिळालं नव्हतं. पत्रं आली, हार आले. एका हिंदी पेपरने ह्यांना 'आधुनिक ऋषी' म्हटलं. (ऋषींचा आदल्याच दिवशी माझ्याशी आमटीत मीठ कमी म्हणून वाद झाला होता.) दिल्लीतल्या मराठी मंडळींनी सत्कार ठेवला. मी पहिल्या रांगेत, नऊवारी नेसून. छातीत माझ्या अभिमान मावेना, खोटं कशाला बोलू? आणि तिथे मला प्रथमच कळलं की ह्या माणसाला दारू, तंबाखू, पत्ते कशाचंच व्यसन नसलं तरी टाळीचं आहे. खोळींच्या वाक्यावर टाळी पडली. हे लगेच म्हणाले, "फुकट फोनसुद्धा मी आजपासून सोडला!" टाळी दुप्पट. दुसऱ्या सत्काराला कचेरीचा भत्ता गेला, म्हणजे माझ्या भाकरीवाल्या गेल्या. तिसऱ्याला पलंग आणि पडदे. एका टाळीला एक सवलत, असा भावच पडून गेला. मी समोर बसून हाताने 'पुरे' अशी खूण करत होते, तर लोकांना वाटलं की मी टाळ्या मागते आहे. त्यांनी आणखी वाजवल्या आणि हॉलमधला सोफा गेला.

तरी डोक्यावर छप्पर होतं. ते संक्रांतीला गेलं. पानिपतला तिथल्या हातमागवाल्यांनी ह्यांना बोलावलं होतं. जाताना मोटारीत मी ह्यांना देवीची शपथ घातली की आज काही सोडायचं नाही, फार तर चहा सोडा. ह्यांनी मान डोलावली. पण माणूस मराठा, जागा पानिपत आणि समोर हजारभर लोक! ह्यांचा आवाज जो चढला तो मला माइकच्या तारेतून वर जाताना दिसत होता. "ज्या भूमीवर आपल्या पूर्वजांनी सर्वस्व दिलं, तिथे उभा राहून मी सरकारी घरात राहतो हे कबूल करायला मला शरम वाटते." बस्स. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पूर्वजांनी तिथे काय काय घालवलं ते शाळेत शिकवतात. आम्ही राहता फ्लॅट घालवला, हे पुढेमागे त्यातच घालावं लागेल. हातमागवाल्यांनी एक जाड चादर पांघरली ह्यांना, तेवढीच काय ती त्या दिवसाची मिळकत.

मग आम्ही इथे आलो, आशयकडे. आशय परदेशी कंपनीत लागल्याचं तुम्हाला कळवलंच होतं. (त्याला बापापेक्षा पगार जास्त आहे. हे तो बोलत नाही, पण त्याच्या कमरेचा मोबाइल बोलतो.) गुडगाव म्हणजे काय आहे, अक्का, मोहरीच्या पिवळ्या शेतात मधेच कुणीतरी चौदा मजली इमारत उभी करून ठेवली आहे. खाली म्हैस, वर लिफ्ट. नळाला पाणी टँकरने येतं आणि वीज गेली की सगळ्या इमारतींचे जनरेटर एकदम सुरू होतात, मग बोललेलं ऐकू येत नाही. घर मात्र झकास. रुचिताने स्वयंपाकघरात गॅसच्या वर धूर ओढणारं यंत्र बसवलं आहे आणि सोफा असा पांढराशुभ्र की मी त्यावर अजून टेकून बसलेले नाही. सून गुणी आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण जागा, म्हणजे राहायची जागा, दोन खोल्यांची आहे, आणि आपला तालुका काही सत्कार वाचून आजारी पडायचा थांबलेला नाही.

तेव्हा वळकट्या इकडे यायला लागल्या. फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाला विचारतो, कुणाकडे, किती वेळ? आपले लोक सांगतात, "खासदारसाहेबांकडे, बरं वाटेपर्यंत." लिफ्टमध्ये एकदा जोंधळ्याचं पोतं अडकलं आणि दार मिटेना, त्यात एक बाई जिममध्ये जायला निघालेली. सोसायटीच्या बैठकीत ह्यावर ठराव आला. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "आंटीजी, ये फ्लॅट है या धरमशाला?" मी म्हटलं, "धरमशाला ही है, आप भी आइए, भाकरी गरम है." त्या आल्या नाहीत, पण ठराव पुढे ढकलला. रुचिताने फक्त पांढऱ्या सोफ्यावर ह्यांची पानिपतची चादर घातली.

इथवर मी सगळं हसत निभावलं. पण मागच्या आठवड्यात साधना आली. आपल्या शेजारच्या बाभूळवाडीची, तिशीही उलटलेली नाही. तिच्याही हृदयाचंच आहे. कित्येक महिन्यांनी तिचा नंबर लागला होता. इथून इस्पितळ म्हणजे दोन बसेस आणि मध्ये एक टमटम. पहाटे निघाली, रस्त्यात उड्डाणपुलाचं काम, बस अडकली, आणि ती पोचली तेव्हा नाव नोंदवायची खिडकी बंद झाली होती. संध्याकाळी परत आली ती जिन्यात बसून राहिली. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यात. मी खाली जाऊन तिच्याजवळ बसले तर मला म्हणते, "काकी, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, साहेबांनी एवढं सोडलं, आपला एक नंबर गेला तर काय झालं." अक्का, जुन्या फ्लॅटवरून ती चालत गेली असती तरी वेळेवर पोचली असती. त्या दिवशी मला ह्यांच्या त्यागाचा पहिल्यांदा संताप आला. सोडलं ते आपलं असेल तर तो त्याग. साधनाची बस सोडायचा अधिकार ह्यांना कुणी दिला? ह्यांना मी तसं म्हटलंही. त्या रात्री हे जेवले नाहीत. पण बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे थुंकलेलं गिळायचं, आणि ते ह्यांच्याने होत नाही. तुम्हीच वाढवलंय, तुम्हाला वेगळं काय सांगू? साधनाला आता नवी तारीख मिळाली आहे, शिमग्यानंतरची. तोवर ती माझ्याजवळच निजते.

असो. एकंदरीत इथे सर्व क्षेम आहे. ह्यांचं नाव दिल्लीत आदराने घेतलं जातं, आणि मी बाजारात गेले तर लोक ओळखून कोथिंबीर जास्त घालतात. आपल्या घराण्याला खाली मान घालायची वेळ आमच्यामुळे आलेली नाही, येणार नाही. तुम्ही प्रकृतीला जपा, मीठ कमी खा, पायरीवर घाई करू नका. नव्या सुनेला आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक जाऊ,
चंद्रप्रभा

ता. क. पत्र पाकिटात घालताना आठवलं म्हणून लिहिते. (खरं तर आठवलेलंच होतं, पण आधी मोठेपणा सांगून घेतला.) काल राजवीर मुद्दाम गुडगावला येऊन गेला. आमचा जुना फ्लॅट अजून कुणालाही दिलेला नाही. खासदार आपण होऊन घर सोडतो ह्यावर खात्यात कुणाचा विश्वासच बसत नाही. त्यांना वाटतं कागदात काहीतरी चूक झाली आहे, म्हणून कुलूप तसंच आहे. ह्या महिनाअखेरपर्यंत ह्यांनी 'हवा' म्हणून कळवलं तर तो फ्लॅट आमचाच. पण हे आपणहून कळवणार नाहीत. कुणीतरी मागणी केली पाहिजे, आणि तीसुद्धा रागावून. म्हणून एक विनंती. भाऊजींना सांगून आमच्या विरुद्ध एक मोर्चा काढवा. एक भाऊ ह्या पक्षात आणि एक त्या पक्षात ठेवायची आपल्या घरची रीत आहेच, ती अशा वेळी उपयोगी पडली नाही तर कधी पडणार? भाऊजींनी तहसील कचेरीसमोर उभं राहून एवढंच गरजायचं की खासदाराने घर सोडून तालुक्याच्या आजारी माणसांना वाऱ्यावर सोडलं. घोषणा मी दोन करून ठेवल्या आहेत. एक: 'खासदारांचा त्याग, आमच्या पोटात आग!' दोन: 'घर सोडणाऱ्या खासदाराचा निषेध असो!' शशिकांतला मी सांगून ठेवलं आहे, तो पहिल्या पानावर घेतो म्हणाला. त्याचीही पिठल्याची आबाळ चालली आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आशयचा फोन ह्यांच्या उशाशी असतो.

ता. क. दुसरा. मोर्चा मोठा काढावा, पण फार मोठा नको. पुढच्या निवडणुकीला आम्हाला पुन्हा उभं राहायचं आहे, आणि भाऊजींना एकदा गर्दीची चटक लागली तर ते आवरायचे नाहीत.

ता. क. तिसरा. मोर्चा झाला, नाही झाला, घर मिळालं, नाही मिळालं, तरी तुम्ही या. खिडकीशी माझी कॉट आहे, ती तुमची. इस्पितळाच्या तारखेला मी आदल्या दिवशीच तुम्हाला आणि साधनाला घेऊन निघेन आणि त्या खिडकीसमोर पहिली उभी राहीन. तुमच्यावाचून हे घर कसं चालेल, ह्याचा विचारसुद्धा मला करवत नाही. हे मी तोंडाने कधी म्हणाले नसते, म्हणून इथे लिहिते.

(खालचा मजकूर ह्यांच्या अक्षरात आहे. पाकीट मी डिंकाशिवाय टेबलावर ठेवून देवाला दिवा लावायला गेले, तेवढ्यात.)

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार. हिने लिहिलेलं सगळं वाचलं. मी माझ्या तत्त्वावर ठाम आहे. तथापि लोकशाहीत जनतेचा संताप अनावर झाला तर लोकप्रतिनिधीला झुकावं लागतं. दादाला सांगा, मोर्चा गुरुवारी काढ, आठवड्याचा बाजार असतो, गर्दी आयती मिळते. दुसऱ्या घोषणेत 'निषेध' फार मिळमिळीत वाटतो, तिथे 'धिक्कार' घालावा. आणि नुसतं घर मागून थांबू नका, टेलिफोनही मागा, भाकरीवाल्याही मागा.

वहिनी, साध्या डब्यातून येऊ नका. रेल्वेच्या पासावर मला सोबत एक माणूस गार डब्यातून आणता येतो. तेवढी एक सवलत मी कुठल्याच सभेत उच्चारलेली नाही. टाळी पडेल ह्या भीतीने. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला न्यायला येतो आहे. हिला सांगू नका.